जवसाच्या दोऱ्याची रेघ

सोमवार, ५ फेब्रुवारी

भिंगरे,

सगळ्यात आधी आला तो मिस्त्री. मी अजून दातही लावले नव्हते आणि हा बाबा अंगणात उभा. मी त्याला काय म्हटलं ते त्याला कळलं नाही, आणि तो काय म्हणाला ते मला कळून घ्यायचं नव्हतं. त्याच्यामागून तुझा बाबा आला, गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या की तुझा बाबा केवढा समजूतदार दिसतो! काका काही आला नाही. तो लॉन्ड्रीच्या दारात आमच्याकडे पाठ करून इस्त्री करत राहिला. पण इस्त्री एकाच शर्टावरून इतका वेळ फिरत होती, की शेवटी मला वास आला. कुणाचा शर्ट होता कोण जाणे. त्याच्या पाठीवर आता इस्त्री छापलेली आहे.

मिस्त्री कशाला, असं विचारशील. अंगणात मधोमध भिंत घालायला. तुला कुणी कळवलं नसणारच. तुझी आई म्हणते, पोरीला लांब कशाला त्रास. मी म्हणते, त्रास नको तर नको, पण पोरीला गंमत का नको? फोनवर सांगता येत नाही. फोन बाबाच्या दुकानात, आणि त्याची मशीन मी बोलायला लागले की नेमकी बंद पडते. म्हणून पत्र. माझं अक्षर दुसरीतच राहिलं, ते तूच मोठं करून वाच.

तर झालं असं. तुझ्या बाबाकडे कुणाचं तरी मरून रंगाचं कापड आलं, कोटाचं. शिवायच्या आधी कापड आटवून घ्यायला हवं, म्हणून त्याने ते भिजवलं आणि टाकलं दोरीवर. खाली दुसऱ्या दोरीवर काकाच्या पांढऱ्या चादरी, लॉजवरून आलेल्या. वरून टप टप टप. संध्याकाळी बघतो तर लॉजच्या सगळ्या चादरी गुलाबी! अग, इतक्या सुरेख गुलाबी झाल्या होत्या की मी म्हटलं, अशाच द्या. लॉजवाला काही रसिक निघाला नाही. त्याने चादरीही नेल्या नाहीत आणि पुढचं कामही दिलं नाही. काका म्हणाला, दोरी माझी. बाबा म्हणाला, वरची जागा आधीपासून माझी. मग काकाने लहानपणचं काढलं, बाबाने त्याच्याही आधीचं काढलं, आणि कुणाच्या तरी तोंडून भिंत हा शब्द निघाला. निघाला तो विटाच घेऊन आला. नळाजवळ रचून ठेवल्यात.

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तुझी आई आणि काकू नवऱ्यांसमोर तोंड फिरवतात आणि मागच्या खिडकीतून काड्यापेटी देतात-घेतात. मला दिसतं, पण मी आंधळी होते.

मिस्त्रीने पावलं टाकत अंगण मोजलं. मधोमध आला आणि थांबला, कारण मधोमध माझी खाट. म्हणाला, “आजी, ही हलवावी लागेल.”

तोवर मी दात लावले होते. मी विचारलं, “कुठल्या बाजूला?”

मिस्त्रीने बाबाकडे पाहिलं. बाबाच्या तोंडात टाचण्या. काकाने इस्त्रीखालचा शर्ट पालटला. मग मीच हसले. मिस्त्री म्हणाला, रेघ मारताना दोन्ही मालक हजर लागतील, मागून कटकट नको, आणि गेला.

तू ते गणिताचं पुस्तक करतेस ना? मग मला एवढं सांग, पुस्तकात रेघ कशाला म्हणतात. एक माझ्या खाटेखालून जाणार आहे, तर तिची ओळख असलेली बरी.

गुलाबी चादर पांघरून बसलेली,
तुझी आजी


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले, मग टाचण्या आठवून पुन्हा हसले. बाबांना फोन लावला. “सगळं ठीक आहे,” म्हणाले. आवाजावरून टाचण्या तोंडातच होत्या. काकाला लावला, तर तोही म्हणाला, “सगळं ठीक आहे.” भावांचं एवढं एकमत असताना भिंत कशाला?

खाटेची गोष्ट तू हसत लिहिलीस. मी तुझ्याच हाताखाली वाढलेय, मला तुझं हसणं कळतं. तेव्हा आता दात लावून लिही. तुला ती भिंत हवी आहे का? नको असेल तर मी येते आणि दोघांचे कान धरते. पुस्तक महिनाअखेर छापायला जायचंय, रजा मिळणार नाही, पण भांडून घेईन. नाहीतर तू माझ्याकडे ये. खोली लहान आहे, खिडकीसमोर एक खाट मावते. मधे रेघ मारायची म्हटली तरी जागा नाही.

आता तुझा प्रश्न. गंमत म्हणजे या आठवड्यात माझ्यापुढे तोच शब्द आहे. आमचं पुस्तक इंग्रजी शाळांसाठी आहे, भूमितीचं. दर पानाच्या कोपऱ्यात मी एक छोटी चौकट लिहिते, त्या पानावरचा शब्द आला कुठून, हे सांगणारी. सरळ रेघेला इंग्रजीत म्हणतात स्ट्रेट लाइन. त्यातला लाइन हा शब्द लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता जवसाचा दोरा! तेल काढतो त्याच जवसाच्या जातीचं रोप, त्याच्या खोडातून धागा काढायचे. बाबा लिननचे शर्ट शिवतात ना, ते कापडही त्याच धाग्याचं, आणि लिनन हे नावही त्याच मुळाचं. म्हणजे लाइन आणि लिनन सख्ख्या बहिणी. आणि स्ट्रेट म्हणजे मुळात काय, तर ताणलेलं. सरळ रेघ म्हणजे ताणून धरलेला जवसाचा दोरा, बस्स.

पुस्तकातली रेघ मात्र पुढे फार शिष्ट झाली. तिला जाडी नसते, टोकं नसतात, दोन्हीकडे ती कधीच संपत नाही.

चौकटीशेजारी चित्र काय काढायचं यावर इथे वाद चाललाय. कुणीतरी म्हणतंय, पट्टी आणि पेन्सिल काढू. मी म्हटलं, दोराच हवा. मग काल डबा खाताना कुणीतरी म्हणालं की मिस्त्री लोक अजूनही दोऱ्यानेच रेघ मारतात. खरं का ग? तुझ्या त्या मिस्त्रीला विचार. कुणीतरी चित्र अडवून बसलंय.

आणि खाटेबद्दल लिही. टाळू नकोस.

तुझी भिंगरी


मंगळवार, १३ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी काय केलं सांगू? खाट दोन्ही दुकानांच्या दारांच्या बरोबर मधे ओढून घेतली आणि मोठ्याने वाचायला बसले. कान धरायचा भाग तेवढा मनात वाचला. जवसाच्या दोऱ्याशी आले तशी बाबाची मशीन थांबली. काकाची इस्त्री उभी राहिली.

मशीनवरून बाबा म्हणाला, “आई, लिनन आणि सरळ? आटवल्याशिवाय लिनन कापलं की पहिल्या धुण्यात बाही कोपरावर येते.”

इस्त्रीवरून काका म्हणाला, “आई, त्याला सांग, धुणं राहू दे, इस्त्री करून बघ म्हणावं. पाणी मारून मारून हात दुखतात, आणि गिऱ्हाईक खुर्चीवर बसून उठलं की परत गोळा.”

“आई, त्याला सांग, इस्त्री ओलसर असताना करायची असते.”

“आई, त्याला सांग, मला शिकवू नको म्हणावं.”

मी म्हटलं, दोघांचे कान शाबूत आहेत, मी सांगणार नाही. पण अग, मला इतकं हसू येत होतं! जगातलं सगळ्यात सुरकुतणारं कापड, अंगावर घातलं की माझ्या गालासारखं होणारं, आणि सरळपणाला नाव मिळालं ते त्याच्या घरचं. माझ्या सुरकुत्यांनाही आता मी मान देणार आहे.

मिस्त्रीला विचारलं. खरं आहे म्हणाला. मऊ जमीन असेल तर दोन खुंट्या ठोकून दोरा बांधतात. आपल्या अंगणात फरशी, खुंटी जायची नाही. मग दोन माणसं लागतात. दोऱ्याला नीळ चोळायची, दोघांनी दोन टोकं धरून ताणायचा, आणि तिसऱ्याने मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. टण् करून खाली निळी रेघ उमटते. हे ऐकून मला तुझं पुस्तक पटेना. रेघेला टोकं नसतात म्हणतेस, मग ती धरतं कोण? विचार जरा तुमच्या साहेबाला.

मिस्त्रीचा जोडीदार काम सोडून गेलाय, हा एकटाच आहे. म्हणाला, “आजी, पंचवीस तारखेला रविवारी येतो, टोकं धरायला कुणीतरी बघून ठेवा.” मी म्हटलं, बघते. मी काय बघणार, मी म्हातारी बाई. बसून राहीन.

कुणीतरी म्हटल्यावर आठवलं. तुझ्या पत्रात हे कुणीतरी किती वेळा आलंय! मला मोजता येत नाही म्हणून वाचलीस. कुणीतरी चित्र काढतंय, कुणीतरी डबा खातंय, कुणीतरी मिस्त्री लोकांची माहिती देतंय. बरंच कामसू आहे. त्याला नाव आहे का, का नुसती टोकंच आहेत? आणि डबा कुणाचा खातं ग ते?

खाटेचं विचारलंस. हवं का नको हे मला विचारायची या घरात पद्धत नाही, ती तू कुठून शिकलीस? तुझ्या खोलीत येईन, पण पाहुणी म्हणून, लाड करून घ्यायला. खाट काही मी घेऊन येत नाही. ती एकदाच हलायची, चार जणांच्या खांद्यावर, तेव्हा काय ती हलेल. तोवर सकाळचं ऊन एका लेकाच्या बाजूने आणि दुपारची सावली दुसऱ्याच्या बाजूने, अशी माझी सोय आहे. भिंत झाली की एक मिळेल, एक जाईल. कुठलं जाईल ते मी ठरवायचं म्हणे. कालच ठरलं तसं, दोघांचं, वेगवेगळं. सकाळी बाबा म्हणाला, “आई, तू म्हणशील तसं.” संध्याकाळी काका म्हणाला, “आई, तू म्हणशील तसं.” गुणाची लेकरं आहेत दोघंही.

जाऊ दे. चादर फार ऊबदार आहे.

तुझी आजी


शनिवार, १७ फेब्रुवारी

आजी,

तू मान्य केलंस म्हणून मीही गप्प बसते, पण मला ते मुळीच आवडलेलं नाही. बाबांच्या बाजूचं ऊन घे. माझी म्हणून सांगत नाही, तुझ्या गुडघ्यांना बरं. आणि एक विचारायचं राहिलं. भिंत झाल्यावर मी घरी येईन तेव्हा आत कुठल्या दारातून येऊ? काकाच्या दुकानावरून गेले तर बाबा विचारतील, बाबांच्या दुकानावरून गेले तर काका इस्त्रीवरून मान वर करणार नाही. चादरी पिळायला त्याने मला शिकवलं ग.

त्या पंचवीस तारखेच्या रविवारी यायचा प्रयत्न केला. रजा नाही मिळाली. पानं तपासायची आहेत.

आता तुझं कुणीतरी. तो आमचा चित्रकार आहे. सहकारी. चष्मा लावतो, आणि तो कपाळावर ढकलून तोच शोधत फिरतो. डबा विसरतो म्हणून माझ्यातला खातो, त्यात विशेष काही नाही, तो सगळ्यांच्यातला खातो. (सगळ्यांच्यातला थोडा कमी.) निळीची गोष्ट वाचून दाखवली तर वेडाच झाला. दोरा बोटाला गुंडाळतात की मुठीत धरतात? ओढताना कोपर वाकतं का? मधला माणूस उकिडवा बसतो की वाकतो? मला काय माहीत! शेवटी पाकिटामागचा आपला पत्ता उतरवून घेतला, म्हणे मिस्त्रीला पत्र लिहून विचारतो. मी म्हटलं, मिस्त्री पत्रं वाचत बसत नाहीत. तर म्हणाला, “आजी बसतात ना.” त्याचं पत्र आलं तर फार चेष्टा करू नकोस. भोळा आहे.

साहेबांना तुझा प्रश्न विचारला, रेघेला टोकं नाहीत तर धरतं कोण. ते म्हणाले, “अभ्यासक्रमात नाही.”

आणि आजी, “मी म्हातारी बाई, बसून राहीन” हे वाक्य मी दोनदा वाचलं. तू काही करणार नाहीस ना?

तुझी भिंगरी


सोमवार, २६ फेब्रुवारी

भिंगरे,

काल पहिला आला तो तुझा कुणीतरी!

पत्र नाही, बित्र नाही, सगळाच्या सगळा. मिस्त्रीच्याही आधी. नशीब माझं, दात लावलेले होते. फाटकाशी उभा राहून विचारतो, “इथे रेघ मारणार आहेत ना?” चष्मा कपाळावर. मी म्हटलं, “मारणार आहेत. तुम्ही डोळे खाली घेऊन आत या.” केवढी मोठी वही आणली होती, आणि पेन्सिल विसरला. बाबाने कापडावर खुणा करायची पेन्सिल दिली. तुझ्या आईने खायला दिलं, तेवढ्यात मागच्या खिडकीतून काकूनेही दिलं, आणि त्याने दोन्ही संपवलं. डब्याचं तू खरं लिहिलं होतंस. घरी कुणाला मी सांगितलं नाही हा कोण ते. पुस्तकाचे चित्रकार, एवढंच म्हटलं. तुझी आई मात्र त्याला तिसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा तिच्या डोळ्यात मला प्रश्न दिसला. मी आंधळी झाले.

मग मिस्त्री आला. मालक पाहिजेत म्हटल्यावर बाबा आला, आणि शेवटी, हात पुसत पुसत, काका. मिस्त्री म्हणाला, “टोकं धरायला कोण?” मी म्हटलं, “गल्लीत विचारून आले, कुणी मोकळं नाही.” विचारलं असतं तर कुणी मोकळं नसतंच, रविवार होता. चित्रकार पुढे सरकला तर मी त्याला डोळ्यांनी दाबला. लगेच वहीत मान घातली त्याने. वाटतो तेवढा भोळा नाही हं.

राहिले दोघंच. बाबाने मशीनचा दोरा आणला, काकाने लॉन्ड्रीतली नीळ. दोघं अंगणाच्या दोन कडांना उभे राहिले आणि ताणला. एकमेकांकडे बघायचं नाही म्हणून एक आभाळाकडे बघतोय, एक नळाकडे. आणि झालं काय, सांगू? लहानपणी तुझ्या आजोबांच्या लॉन्ड्रीत दोघं चादरी पिळायचे, एक या टोकाला, एक त्या टोकाला. हाताला ती सवय. टोक हातात आलं तसा बाबा लागला डावीकडे पिळायला आणि काका उजवीकडे. बिचारा दोरा! कट्कन तुटला.

काका आभाळाला म्हणाला, “बटणाचा दोरा आणायचा असतो.”

बाबा गेला आणि कोटाच्या बटणांचा जाड दोरा घेऊन आला. तोही जवसाचा, बरं का. गिऱ्हाइकांना दाखवतो, वापरत नाही, असला.

मी खाटेवर होते, मधोमध, पाय वर घेऊन, चादर पांघरून. मिस्त्री म्हणाला, “आजी, उठा.” मी म्हटलं, “गुडघे धरलेत.” तेवढ्यात तुझा चित्रकार ओरडला, “नका! नका उठू! सगळ्यांनी असंच थांबा. दोरा ताणलेलाच राहू दे.” आणि लागला काढायला. अग, किती वेळ काढावं माणसाने! ऊन नळापासून विटांवर आलं. माझे हे दोघे दोन टोकांना बांधल्यासारखे उभे. सोडता येईना, जाता येईना, आणि किती वेळ आभाळ बघणार?

काका म्हणाला, “ढिला सोडलाय.” कुणाला, ते नाही म्हणाला.

बाबा म्हणाला, “मी नाही सोडला. तू पुढे आलास. चादर पिळतानाही असाच पुढे यायचास.”

“ओढायचास किती! एकदा चादरीबरोबर मीच उचलला गेलो होतो.”

“आणि आईला जाऊन सांगितलंस, की मला पिळला म्हणून.”

मिस्त्री फिसकन हसला. चित्रकार म्हणाला, “हलू नका.” मग दोघांनी परत तोंडं फिरवली. मी म्हटलं, संपलं. तर बाबाच पुढे म्हणाला, दोऱ्याकडे बघत, “तो लॉजवाला आला होता. पँट शिवून मागत होता.”

काकाने आभाळावरून नजर खाली आणली.

“परत पाठवला.”

“का?”

“का म्हणजे? माझ्या भावाचं काम काढून घेणाऱ्याची पँट मी शिवू? कापड घेऊन गेला तसाच.”

त्याच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, म्हणून निघून गेलं असेल. काकाने मान खाली घातली, ती वर येईना. मग म्हणाला, “दादा, दोरा ढिला पडलाय.”

पडला होता खरा. बाबाच पुढे आला होता, आपल्याही नकळत, पाऊलभर. आणि भिंगरे, तो दादा हा शब्द या अंगणात कधीचा ऐकला नव्हता मी. माझं नाक चुरचुरलं. निळीनेच असणार.

दोघांनी पुन्हा ताणला. चित्र झालं. मिस्त्री म्हणाला, “आता खाली वाका, फरशीला टेकवा, आजी, तुम्ही जरा...” मी कशाला थांबते? दोरा माझ्या गुडघ्यांवरूनच गेला होता. घेतला चिमटीत, उचलला चांगला नाकापर्यंत, आणि दिला सोडून.

टण्!

फरशीवर काही नाही. सगळी रेघ माझ्यावर! गुलाबी चादरीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत निळीशार, सरळसोट, आणि थोडी नाकावर. मिस्त्रीच्या तोंडून निघालं, “पडली तर एकदम सरळ आहे.”

मी म्हटलं, “मग घाला भिंत. आणि माझी खाट कुठल्या बाजूला, तेही आता सांगा.”

हसतच म्हटलं ग मी. पण आवाज माझा ऐकेना, मधेच बसला. तुझ्या बाबाने ऐकलं ते. दोरा बोटाभोवती गुंडाळत गुंडाळत तो खाटेपर्यंत आला. दुसऱ्या बाजूने काका आला, कारण दोरा तोच होता, सोडला नव्हता त्याने. दोघं खाटेशी उभे. काका म्हणाला, “आई, खाट राहू दे आहे तिथे.” बाबा मिस्त्रीकडे वळला, “मिस्त्री, या विटांत दोन खांब होतील का? रंगीत कापडाला वेगळी दोरी हवी. मोरीवर. टपकलं तर तिथे टपकेल.”

एवढंच हवं होतं ना! त्याला विटा कशाला आणायच्या आणि मला निळं कशाला व्हायचं? पण मी गप्प बसले. गप्प बसायची वेळ मला बरोबर कळते.

आता सगळं गोड झालं असं समजू नकोस. खांब किती उंच यावर लगेच जुंपली. काका म्हणतो, मोठी चादर टेकता कामा नये. बाबा म्हणतो, कोट टांगायला शिडी आणू का? मिस्त्री कंटाळून म्हणाला, “मी परत येईन तोवर ठरवा.” भांडू देत. समोरासमोर भांडतायत, मला मधे घेत नाहीत, माझा घसा वाचला.

संध्याकाळी चादर धुतली दोघांनी. नीळ पुरती गेली नाही, गुलाबी तर जाणारच नव्हतं. पण पिळताना बघायला हवं होतंस. कुणी कुणाला सांगितलं नाही. एक डावीकडे वळला, एक उजवीकडे, आणि एक थेंब राहिला नाही चादरीत.

तुझ्या चौकटीत काय लिहायचं ते तू शिकलेली, तू ठरव. माझं विचारशील तर चित्राखाली दोघांची नावं घाल, फुकट उभे राहिलेत.

आणि चित्र! ते इथेच आहे. वही घेऊन गेला, पुस्तकापुरतं त्यात उतरवलेलं आहे म्हणाला, आणि नेमकं ते पान इथे विसरला. मला जाताना दिसलं होतं खाटेवर पडलेलं. आठवण करून देणार होते, पण म्हातारपणी लक्षात राहत नाही बघ. उशाखाली जपून ठेवलंय. हात अगदी बरोबर आलेत दोघांचे, काकाची करंगळी वाकडी आहे तीसुद्धा. मधे खाटेवर बसलेली बाई तेवढी चुकली. चादर माझी, गुडघे माझे, पण नाक आणि हनुवटी माझी नाही ग, तुझी आहे. समोर मी बसलेली असताना हा न बघता तुझं नाक काढतो, आणि तू लिहितेस सहकारी! सहकाऱ्यांची नाकं पाठ करावी लागतात का तुमच्या कचेरीत?

मी त्याला काही म्हटलं नाही. भोळा आहे.

पुस्तक छापायला गेलं की तुला रजा मिळेल, असं तोच बोलता बोलता बोलला. तू विचारत होतीस, कुठल्या दारातून येऊ. फाटक एकच आहे, नेहमीचं. खाटेला वळसा घालून ये, म्हणजे झालं.

मिस्त्री खांब बांधायला, आणि तो विसरलेलं चित्र न्यायला, दोघंही पुढच्या गुरुवारी येतो म्हणून गेलेत.